मीटरपासून प्लगपर्यंत : जुन्या घरातील वीजजोडणी कशी तपासावी

नेरूळच्या आमच्या घरात फ्रिज उघडण्यापूर्वी पायात स्लीपर घालण्याची सवय सर्वांना कित्येक वर्षे होती. अनवाणी असताना दाराच्या धातूच्या कडेला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत, आणि पावसाळ्यात लादी दमट असताना त्या कोपरापर्यंत जाणवत. ‘फ्रिज जरा करंट मारतो’ एवढे म्हणून आम्ही तो विषय सोडून देत असू. शेवटी एका परवानाधारक वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा दिसले, की तीन पिनच्या त्या सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. हिरव्या वायरचे टोक कापून बोर्डाच्या मागे गुंडाळून ठेवलेले होते. फ्रिजमधील किरकोळ गळती जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती आमच्या अंगातून वाट काढत होती.

ठाण्यातील नौपाडा, कळवा आणि खाडीपलीकडील वाशी, नेरूळ, बेलापूर येथे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींची संख्या मोठी आहे. त्यांतील वायरिंग दिवे, पंखे, फ्रिज आणि इस्त्री एवढ्या हिशेबाने घातलेले असते, आणि आज त्याच वायरवर एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी आणि पाणी तापवणारे वॉशिंग मशीन चालते. रंगकाम आणि फरशीवर लाखो रुपये खर्च करणारी माणसे वायरिंगला हात लावत नाहीत, कारण ते भिंतीत दडलेले असते. म्हणून तपासणी कोणत्या क्रमाने करावी, त्यातील काय स्वतः पाहता येते आणि कोठे थांबून वायरमनला बोलवावे, ते येथे सविस्तर मांडत आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी

मीटर, मीटरचे सील आणि मीटरपूर्वीची केबल यांना ग्राहकाने कधीही हात लावू नये. तेथे दोष दिसला तर वीजबिलावरील क्रमांकावर किंवा महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मीटरनंतरचे वायरिंग आपल्या जबाबदारीचे असले, तरी त्यातील बदल शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावेत. परवाना दाखवा असे म्हणायला संकोच वाटतो, पण रिक्षाचालकाकडे परवाना असावा अशी अपेक्षा आपण सहज करतो, तर घराच्या भिंतीत वीज खेळवणाऱ्याकडून ती का करू नये?

एखादे आवरण उघडून आत पाहायचे असेल, तर मेन स्विच बंद करणे पुरेसे आहे असे समजू नये. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो सुरू होतो, आणि त्याच्यावरील दिव्या-पंख्यांच्या वायरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट कायम राहतात. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करावा आणि त्याची बाहेर जाणारी जोडणीही तोडावी. नंतर टेस्टर आधी वीज चालू असल्याची खात्री असलेल्या जागी, म्हणजे उदाहरणार्थ शेजारच्या घरातील सॉकेटवर, लावून त्याचा दिवा लागतो हे पाहावे, मग आपल्या बोर्डावर लावावा आणि शेवटी पुन्हा त्या चालू जागी लावून पाहावा. बिघडलेल्या टेस्टरचा दिवा न लागणे आणि वायरमध्ये वीज नसणे या दोन गोष्टी डोळ्यांना सारख्याच दिसतात. म्हणून हा तिहेरी क्रम पाळायचा. पाय कोरडे आणि चपलेत असावेत, आणि घरात दुसरे कोणीतरी जागे असावे.

भार किती, वायर कोणती

वीजबिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो आकडा आणि घरातील उपकरणांची बेरीज शेजारी शेजारी लिहून काढावी. प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाशी वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर, आणि १००० वॅटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर. (पंखा, मिक्सर, एसी यांसारख्या मोटारवाल्या उपकरणांत हा भागाकार थोडा कमी आकडा देतो आणि सुरू होतानाचा झटका तर त्याहून बराच मोठा असतो.)

आता स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. ओट्यावरील सर्व पॉइंट एकाच अडीचच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरवर आहेत, आणि सकाळच्या घाईत २००० वॅटची इंडक्शन शेगडी, १५०० वॅटची किटली आणि १३०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकत्र चालू झाले, तर ४८०० वॅट म्हणजे जवळजवळ २१ अँपिअर त्या एका वायरमधून वाहतात. वायरमधील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कायमच्या तापमानासाठी असते. रोज थोडे थोडे जास्त तापत राहिलेले आवरण एके दिवशी पेटत नाही. ते काही वर्षांत कडक होते, वाकवले की तडकते आणि मग कधीतरी दोन तारा एकमेकींना टेकतात.

तांब्याच्या वायरचा नेहमीचा हिशेब असा : दिवे आणि पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटसाठी अडीच, आणि एसी व गिझरसाठी डीबीपासून (घरातील मुख्य वितरण पेटीपासून) स्वतंत्र चारची वायर. गिझरला अडीचही चालते असे अनेक वायरमन सांगतात आणि २००० वॅटच्या गिझरपुरते ते खरे आहे. पण भिंत एकदा फोडायचीच असेल, तर फरकाचे पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वायरवर भारतीय मानक आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह छापलेले आहे का ते पाहावे. फेजला (वीज आणणाऱ्या वायरला) लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला (ती परत नेणाऱ्या वायरला) काळा आणि अर्थला हिरवा किंवा हिरवा-पिवळा हा रंगसंकेत कामगाराने पाळलाच पाहिजे. ‘लाल संपली, हिरवी टाकतो’ हे वाक्य ऐकताच काम थांबवावे, कारण दहा वर्षांनी बोर्ड उघडणारा दुसरा माणूस त्या हिरव्या वायरला निःशंकपणे हात लावील.

जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सापडल्या, तर त्यांना तांब्याची तार पिळून टेप गुंडाळण्याचा मोह टाळावा. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत दोन धातूंचा जोड लवकर गंजतो, आणि तसा सैल जोड एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका) न पडताही निखाऱ्यासारखा तापतो. शक्य असेल तेथे ती संपूर्ण तारच बदलावी. तसेच इन्सुलेशनची मेगर चाचणी, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का याची तपासणी, करून घ्यावी : ५०० व्होल्ट डीसी देऊन फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यातील रोध किमान १ मेगाओहम असावा. चाचणीपूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत, नाहीतर त्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग खराब होतात.

एमसीबी कोणाचे रक्षण करतो

एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नाही. त्याच्यात दोन यंत्रणा असतात. दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि अतिभार तोडते; चुंबकीय कॉइल शॉर्टसर्किट क्षणार्धात तोडते. पहिली यंत्रणा मुद्दाम संथ ठेवलेली असते. मानकाप्रमाणे १६ अँपिअरच्या एमसीबीमधून १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर वाहिले, तरी तो पडायला एक तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. चुंबकीय यंत्रणा बी प्रकारच्या एमसीबीत त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पट आणि सी प्रकारात ५ ते १० पट प्रवाहाला काम करते. माणसाच्या हृदयाचा ठोका बिघडवायला काही दशांश अँपिअरही लागत नाहीत.

एमसीबीचा आकडा नेहमी वायरच्या क्षमतेवरून ठरतो, उपकरणावरून नाही. एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवणे म्हणजे वायरला फ्यूज बनवणे होय. दीडच्या वायरला १० अँपिअर, अडीचला १६ आणि चारला २० किंवा २५ अँपिअर ही साधारण जोडी लक्षात ठेवावी. तरीही पडत असेल, तर भार दुसऱ्या सर्किटवर हलवावा.

अर्थिंग : ज्याची कोणी चौकशी करत नाही

अर्थिंगचे काम समजण्यासाठी एक छोटे गणित पुरेसे आहे. समजा, गिझरचे कॉइल फुटले आणि फेज त्याच्या धातूच्या टाकीला टेकला. फेजपासून जमिनीपर्यंत आणि तेथून परत ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वाटेचा एकूण रोध २ ओहम असेल, तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर वाहतात आणि १६ अँपिअरचा एमसीबी पटकन पडतो. पण इमारतीचा अर्थिंगचा खड्डा, म्हणजे जेथे अर्थची वायर जमिनीला जोडलेली असते ती जागा, वर्षानुवर्षे कोरडा पडला असेल, पट्टी गंजली असेल आणि तोच रोध २० ओहम झाला असेल, तर फक्त ११.५ अँपिअर वाहतात. एमसीबीच्या लेखी तो नेहमीचा भार आहे. तो पडतच नाही, आणि गिझरची टाकी, नळ व शॉवर जिवंत विजेसह तसेच राहतात. खराब अर्थिंग असलेल्या घरात एमसीबी कितीही महाग असला तरी स्नानगृह सुरक्षित होत नाही.

अर्थिंग आहे की नाही हे पाहताना मल्टिमीटर फसवतो. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास व्होल्ट दिसले की लोक निर्धास्त होतात, परंतु मल्टिमीटर इतका क्षीण प्रवाह घेतो, की गंजलेल्या, केसाएवढ्या संपर्कातूनही तो पूर्ण आकडा दाखवतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्ट, घरात मोठा भार चालू असताना, दोन-तीनपेक्षा बरेच जास्त दिसले तर कोठेतरी जोड सैल आहे एवढा इशारा त्यातून मिळतो. खरे उत्तर अर्थिंगच्या वाटेचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टरच देतो, आणि ते उपकरण ज्याच्याकडे आहे असा वायरमन बोलवावा. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहण्याची जुनी पद्धत कोणी करू लागल्यास थांबवावे. अर्थिंग तुटलेले असेल तर तेवढ्या वेळात इतर सर्व उपकरणांच्या धातूच्या अंगावर वीज चढते.

इमारतीचा खड्डा ही सोसायटीची बाब आहे. सर्वसाधारण सभेत लिफ्ट, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते, पण अर्थिंगचा रोध शेवटचा कधी मोजला हे कोणी विचारत नाही. आपण ते लेखी विचारावे आणि मोजणीचा आकडा, तारखेसह, मीटर रूमच्या भिंतीवर लिहून ठेवण्याचा आग्रह धरावा. मोजणी मे महिन्यात करावी, कारण जमीन कोरडी असताना रोध सर्वाधिक असतो. ऑगस्टमध्ये आपल्याकडे वाईट अर्थिंगही चांगले आकडे देते. त्याच फेरीत मीटर रूममध्ये ठेवलेल्या जुन्या सायकली, रद्दी आणि रंगाचे डबे हलवून घ्यावेत.

घराच्या आत, प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटचे मोठे वरचे छिद्र अर्थचे, समोरून पाहताना उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असावे. अर्थची वायर नसल्यास वरच्या छिद्रातून न्यूट्रल जोडून देणारे महाभाग आहेत. ही जोडणी प्राणघातक आहे : न्यूट्रल कोठेही सुटला, तर उपकरणाच्या अंगावर थेट फेज येतो.

आरसीसीबी आणि तो वारंवार पडतो तेव्हा

माणसाचे रक्षण करणारा भाग म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला पाहिजे, एवढीच त्याची अट असते. दोहोंत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत गेला, की तो तुटतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. १०० किंवा ३०० चे प्रकार आगीपासून बचावासाठी उपयोगी असले तरी माणसासाठी अपुरे असतात. ३० मिलिअँपिअर गळतीला त्याने ०.३ सेकंदात तुटलेच पाहिजे. मात्र तो अतिभार पाहत नाही, म्हणून त्याच्या बरोबर एमसीबी हवाच. आणि एका हातात फेज व दुसऱ्यात न्यूट्रल असेल, तर तो माणसाला बल्बच समजतो आणि तुटत नाही.

त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला पाहिजे. पडला नाही, तर तो लगेच बदलावा. हे बटण फक्त आरसीसीबी तपासते, अर्थिंग नाही, हेही ध्यानात असावे.

आमच्या परिसरात अनेक घरांत आरसीसीबी बसवलेला असूनही बायपास केलेला आढळतो, कारण ‘सारखा पडायचा’. पडणारा आरसीसीबी बहुधा खरे बोलत असतो, आणि त्याचे म्हणणे पुढील क्रमाने समजून घेता येते. सर्व एमसीबी खाली करावेत, आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. ज्यावर तो पडेल त्या सर्किटवरील सर्व प्लग काढून पुन्हा पाहावे. आता टिकला तर दोष उपकरणात आहे, आणि एकेक प्लग लावत गेल्यास तो सापडतो. बहुतेक वेळा गुन्हेगार गिझर, जुना फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असतो. सर्व एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर गोंधळून जाऊ नये : साधा एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून कोठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले आहेत. घरातील सर्व प्लग काढूनही तेच होत असेल, तर ते वायरमनने न्यूट्रलच्या वायरी एकेक सोडवून शोधायचे काम आहे. दोन सर्किटांचा न्यूट्रल एकमेकांत मिसळलेला असणे, हे जुन्या घरातील दुसरे नेहमीचे कारण. पावसाळ्यातच पडत असेल तर भिंतीतील ओल शोधावी.

सॉकेट, गिझर आणि एक्स्टेंशन

दर तीन महिन्यांनी एक सोपी तपासणी करावी. इस्त्री किंवा गिझर वीस मिनिटे चालवून बंद करावा, प्लग काढावा आणि त्याच्या पिना हाताच्या मागच्या बाजूने सावधपणे अजमावाव्यात. कोमट असणे ठीक. चटका बसत असेल, सॉकेट तपकिरी झाले असेल किंवा माशासारखा उग्र वास येत असेल, तर आतील पकड सैल झाली आहे. सॉकेट बदलावे, पिना कानशीने घासून वेळ मारून नेऊ नये.

गिझर, एसी आणि इंडक्शन शेगडी एक्स्टेंशन बोर्डावर कधीही लावू नये. १६ अँपिअरच्या जाड पिनेचा प्लग अ‍ॅडाप्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालणे हा तसाच प्रकार आहे. गिझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दिवा असलेला स्विच स्नानगृहाबाहेर बसवावा आणि अंगावर पाणी घेण्यापूर्वी तो बंद करावा. बादलीत टाकायचा हीटरचा रॉड घरात ठेवूच नये, असे मी सांगेन. तो वापरावाच लागत असेल, तर बादली प्लास्टिकची असावी आणि स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये.

गणपतीच्या दिवसांत मखराभोवतीच्या माळा एकाच सॉकेटमधून रात्रभर चालतात. पातळ दोन पदरी वायरच्या या माळा कापडाला आणि कागदाला टेकू देऊ नयेत, आणि झोपताना बंद कराव्यात.

पावसाळा

पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेकडील भिंतींवरील बोर्ड आधी पाहावेत. जूनपूर्वी, वीज बंद करून, त्यांचे आवरण उघडावे. आत पांढरी बुरशी, हिरवट थर किंवा पाण्याचे ओघळ दिसले, तर आधी भिंतीची गळती दुरुस्त करावी आणि मगच बोर्ड बदलावा. वरच्या मजल्यावर गच्चीतून झिरपलेले पाणी वायरिंगच्या पाइपमधून वाहत पंख्याच्या कपापर्यंत येते. पंख्यातून थेंब पडताना दिसल्यास स्विच बंद करण्यावर समाधान मानू नये. त्या सर्किटचा एमसीबी खाली करावा आणि ओल पूर्ण सुकेपर्यंत तो वर करू नये.

दिवे अचानक प्रखर झाले तर

इमारतीला तीन फेज येतात आणि त्यातील एकेक फेज घराघरांत वाटला जातो. मीटर रूममधील सामाईक न्यूट्रल सुटला, तर काही घरांत व्होल्टेज ३०० च्या पुढे, वाईट वेळी ४०० च्या जवळ जाते आणि काही घरांत ते कोसळते. लक्षणे ठळक असतात : दिवे एकाएकी प्रखर होतात, पंखा वेडावाकडा वेग घेतो, आणि शेजारच्या घरात त्याच वेळी अंधुक होते. अशा वेळी विचार करत न बसता मेन स्विच खाली करावा, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि १९१२ वर कळवावे. डीबीमध्ये जास्त आणि कमी व्होल्टेजला तोडणारे उपकरण बसवता येते. एका फ्रिजच्या सर्किट बोर्डाच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे.

शॉक बसल्यास

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. मेन बंद करावा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्या माणसाला दूर सारावे. श्वास आणि हालचाल नसेल तर १०८ वर फोन करायला दुसऱ्याला सांगून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा, आणि मदत येईपर्यंत थांबू नये. माणूस उठून बसला आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी त्याच दिवशी त्याचा ईसीजी काढावा, कारण हृदयाच्या ठोक्यातील बिघाड काही तासांनंतरही दिसू शकतो. वायरिंग पेटले असेल तर पाणी मारू नये; वीज तोडून कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर वापरावा आणि १०१ लावावा.

तपासणी संपली की डीबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा : कोणता एमसीबी कशाचा, आरसीसीबीचे बटण शेवटचे कधी दाबले, अर्थिंगचा आकडा व तारीख, वायरमनचा फोन, १९१२, १०१ आणि १०८. आमच्या घरी तो आईने स्वतःच्या मोठ्या अक्षरात लिहिला आहे, कारण दुपारी घरात ती एकटीच असते.